हॉवर्थियाची लागवड आणि निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळहातावर मावणारे आणि खिडकीच्या कडेला एका लहान कुंडीत वर्षानुवर्षे राहणारे हे रोप नखरेल मुळीच नाही. मात्र त्याच्या सवयी बागेतील इतर झाडांपेक्षा वेगळ्या आहेत आणि विचारले जाणारे बहुतेक प्रश्न या एका फरकातूनच उद्भवतात. पुढील उत्तरे रोपे वाढवताना, आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला काही रोपे मारून टाकताना, जे उमगले त्यावर आधारलेली आहेत.

हॉवर्थिया म्हणजे नेमके कोणते रोप?

हॉवर्थियाला कोरफडीचे धाकटे भावंड म्हणता येईल, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत. मांसल, टोकदार किंवा गोलसर पानांचा हा एक घट्ट गुच्छ असतो आणि बहुतेक प्रकारांत त्याचा व्यास ५ ते १५ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. त्याचे मूळस्थान मुख्यतः दक्षिण आफ्रिका असून पश्चिम आणि पूर्व केप या प्रांतांत त्याचे सर्वाधिक वैविध्य आढळते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी ऑग्युस्त द्यूव्हाल यांनी १८०९ साली या प्रजातीला एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज अभ्यासकाचे नाव दिले, कारण रसाळ वनस्पतींच्या अभ्यासात त्या काळी हॉवर्थ यांचा अधिकार मोठा होता.

२०१३ साली या प्रजातीची विभागणी होऊन कडक पानांची, पांढऱ्या पट्ट्यांची बरीच रोपे ‘हॉवर्थिऑप्सिस’ या वेगळ्या नावाखाली गेली. विक्रेते आणि हौशी मंडळी अजूनही जुनेच नाव वापरतात. दोन्हींची निगा जवळजवळ सारखीच असल्यामुळे येथेही सर्वांना हॉवर्थियाच म्हटले आहे.

हा निवडुंगाचा प्रकार आहे का?

नाही. निवडुंगाच्या अंगावर, जेथून काटे फुटतात तेथे, मऊ गादीसारखा एक ठिपका असतो. तो ठिपका हॉवर्थियावर कोठेही सापडत नाही. शिवाय जवळजवळ सर्व निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले आहेत. दोघांनी कोरड्या प्रदेशात टिकण्यासाठी पाणी साठवण्याची युक्ती स्वतंत्रपणे साधली, एवढेच त्यांच्यातील साम्य. हा फरक केवळ पुस्तकी नाही, कारण निवडुंग समजून हॉवर्थिया भर उन्हात ठेवला की तो भाजतो.

पहिल्यांदा कोणता प्रकार घ्यावा?

पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, ‘झेब्रा’ नावाने मिळणारा कडक पानांचा प्रकार घ्यावा. हातून झालेल्या चुका तो सर्वाधिक सहन करतो. या नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. पानाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवले आणि तेथेही पांढऱ्या पुटकुळ्या जाणवल्या तर ते अटेन्युएटा, आणि आतली बाजू गुळगुळीत लागली तर ते फॅसिएटा. दुसरी जात क्वचितच हाती येते, मात्र तिच्या नावाच्या चिठ्ठ्या पहिल्या जातीच्या कुंड्यांत सर्रास खोचलेल्या दिसतात.

कूपेरी किंवा रेटुसा यांसारखे मऊ, काचेसारख्या पारदर्शक टोकांचे प्रकार अधिक देखणे असले, तरी पाणी जास्त झाल्यास ते लवकर कुजतात. एक-दोन वर्षांचा सराव झाल्यावर त्यांच्याकडे वळावे.

पानांची टोके पारदर्शक कशासाठी असतात?

मूळस्थानी ही रोपे बरीचशी मातीत गाडलेली असतात. त्यांची मुळे कोरड्या काळात आकसतात आणि रोपाला खाली ओढून घेतात, त्यामुळे जमिनीवर पानांची केवळ टोके उरतात. या टोकांना आवरण हिरवे नसते, तर एखाद्या खिडकीसारखे स्वच्छ असते. त्यातून प्रकाश आत शिरतो आणि मातीखाली असलेल्या हिरव्या भागापर्यंत पोहोचतो. ट्रंकाटा या जातीची पाने तर सुरीने आडवी छाटल्यासारखी सपाट असतात आणि दोन रांगांत उभी राहतात. सकाळचा तिरपा प्रकाश कूपेरीच्या टोकांवर पडला की आतल्या हिरव्या रेघा दिव्यासमोर धरलेल्या द्राक्षातील शिरांसारख्या दिसतात, आणि मग हे रोप पाळण्याचे दुसरे कारण शोधावे लागत नाही.

त्याला ऊन किती लागते?

निसर्गात हॉवर्थिया बहुधा झुडपांच्या बुडाशी, गवताच्या आडोशाने किंवा खडकाच्या कपारीत वाढतो. म्हणजे त्याला उजेड भरपूर मिळतो, पण ऊन गाळून मिळते. घरातही हेच साधावे. सकाळचे दोन-तीन तासांचे कोवळे ऊन आणि नंतर दिवसभर स्वच्छ उजेड ही त्याच्यासाठी उत्तम व्यवस्था आहे. दुपारचे थेट ऊन, विशेषतः काचेमागचे, टाळावे.

प्रकाश बेताचा आहे की नाही हे रोपच सांगते. ऊन जास्त झाले तर पाने लालसर, तपकिरी किंवा विटकरी होतात; हा रोग नसून पानाने स्वतःला झाकण्यासाठी तयार केलेले रंगद्रव्य आहे, आणि सावलीत हलवल्यावर काही आठवड्यांत हिरवा रंग परत येतो. मात्र पानावर पांढरा किंवा फिकट, कोरडा चट्टा पडला असेल तर ती भाजल्याची खूण होय आणि ती त्या पानावर कायम राहते. उजेड कमी पडला तर गुच्छ सैल होतो, मधली पाने उंच आणि बारीक होत वर धावतात. अशी ताणलेली पाने पुन्हा आखूड होत नाहीत. उजेड वाढवल्यावर नवी पाने तेवढी नीट येतात. अंधाऱ्या जागेतून एकदम उन्हात नेऊ नये, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवावे.

पाणी दर किती दिवसांनी घालावे?

या प्रश्नाचे दिवसांत दिलेले कोणतेही उत्तर चुकीचेच ठरते, आणि ‘आठवड्यातून एकदा’ या सल्ल्याने जितके हॉवर्थिया मेले असतील तितके विसरभोळेपणाने खचितच मेले नसतील. कुंडी मातीची आहे की प्लॅस्टिकची, माती भरड आहे की बारीक, हवा कोरडी आहे की दमट, यांवर कुंडी वाळायला चार दिवसही लागतात आणि चार आठवडेही. म्हणून दिवस मोजण्याऐवजी कोरडेपणा तपासावा.

त्यासाठी बांबूची एक बारीक काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचावी, पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि मग बाहेर काढावी. काडी गार लागली, गडद झाली किंवा तिला मातीचे कण चिकटून आले तर पाणी घालू नये. काडी जशी गेली तशीच कोरडी बाहेर आली तर आणखी दोन दिवस थांबून पाणी घालावे. काही महिन्यांनी काडीची गरज राहत नाही. ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला कळू लागतो.

पाणी घालायचे तेव्हा मात्र पोटभर घालावे. चमच्याने दोन थेंब देण्याची पद्धत चांगली नाही, कारण त्यात वरचा थर ओला होतो आणि खालची मुळे उपाशी राहतात. तळाच्या छिद्रातून पाणी वाहू लागेपर्यंत मातीवर सावकाश पाणी ओतावे आणि खालच्या बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात फेकून द्यावे. पानांवर फवारा मारण्याने काहीच साधत नाही. गुच्छाच्या मध्यभागी पाणी साचले तर उलट गाभा कुजतो, म्हणून तेथे थेंब दिसल्यास फुंकर मारून किंवा कापसाने टिपून घ्यावेत.

कडक उन्हाळ्यात पाणी वाढवावे का?

नाही, बहुधा कमीच करावे लागते. हॉवर्थिया आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून ठेवतो, रात्री हवा गार झाल्यावर ती उघडतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी कार्बन डायऑक्साइड साठवून घेतो. रात्रीही उकाडा राहू लागला की त्याचे हे काम मंदावते, वाढ थांबते आणि मुळे पाणी ओढेनाशी होतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला तहान लागते आणि आपण रोपालाही तहान लागली असेल असे समजून झारी उचलतो. गरम, ओली आणि हवा न खेळणारी माती म्हणजे कुजीला आमंत्रणच. तापमान ३५ अंश सेल्सियसच्या पुढे राहत असेल तर रोप सावलीत, वाऱ्याशी ठेवावे आणि माती पूर्ण कोरडी झाल्यावर संध्याकाळी बेताचे पाणी द्यावे. त्याची खरी वाढ सौम्य हवेच्या महिन्यांत होते. कडाक्याच्या थंडीतही, म्हणजे पारा ५ अंशांकडे झुकू लागल्यावर, रोप आत घ्यावे आणि जवळजवळ कोरडे ठेवावे.

माती कशी तयार करावी?

पाणी घातल्यावर काही क्षणांत खाली उतरले पाहिजे आणि तरीही कणांना ओल चिकटून राहिली पाहिजे, अशी माती हवी. निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग भरड, खनिज पदार्थांचा घ्यावा: ३ ते ५ मिलिमीटरची बारीक खडी, विटांचा चुरा, परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खनिज) किंवा प्युमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड). उरलेल्या भागात चांगले कुजलेले पानांचे खत किंवा गांडूळ खत आणि थोडी बागेची माती मिसळावी. खडी आणि विटांचा चुरा चाळून, त्यातली भुकटी धुऊन काढणे हे कंटाळवाणे काम टाळू नये. भुकटी राहिली तर ती कणांमधल्या फटी बुजवते आणि काही पाण्यांतच कुंडीत दगडासारखा गोळा तयार होतो. बारीक वाळूही याच कारणासाठी नको. निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर मुळीच नको, कारण ते ओले असताना फार काळ ओले राहते आणि एकदा खडखडीत वाळले की पाणी आत घेत नाही.

कुंडीच्या तळाशी खडे घातले तर निचरा सुधारतो ना?

हा समज फार जुना आहे, पण तो खरा नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत ती पाणी धरून ठेवते. दोरीवर वाळत घातलेल्या पंचाचे उदाहरण घ्यावे: त्याचा वरचा भाग वाळतो, पण खालच्या काठाशी बराच वेळ ओल साचून राहते. कुंडीतल्या मातीचा खालचा थरही असाच ओला राहतो, आणि तळाशी दोन बोटे खडे घातले की तो ओला थर दोन बोटे वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडे वापरायचेच असतील तर ते संपूर्ण मातीत मिसळावेत. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर जाळीचा एक तुकडा किंवा खापरी ठेवणे पुरेसे असते.

कुंडी कोणती निवडावी?

छिद्र असलेली निवडावी. बाकी सर्व आवडीचा प्रश्न आहे. मातीची, न रंगवलेली कुंडी लवकर वाळते, म्हणून पाणी जास्त घालण्याची सवय असलेल्यांना ती सोयीची. प्लॅस्टिकची कुंडी कोरड्या हवेत आणि कमी पाणी घालणाऱ्यांना बरी. आकार रोपाच्या गुच्छापेक्षा बोटभर मोठा, एवढाच असावा. मोठ्या कुंडीत माती जास्त, मुळे थोडी, आणि न वापरलेली ओल दिवसेंदिवस तशीच राहते.

माझा पहिला हॉवर्थिया एका निळ्या, चकचकीत, बिनछिद्राच्या चिनी मातीच्या वाडग्यात होता. तीन महिने तो उत्तम दिसला. एके दिवशी धूळ पुसताना हात लागला आणि अख्खा गुच्छ झाकणासारखा उचलून हातात आला. खाली मुळे नव्हतीच, होता तो केवळ काळा, आंबूस वासाचा चिखल.

नुकतेच आणलेले रोप लगेच दुसऱ्या कुंडीत लावावे का?

आठवडाभर नव्या जागेत स्थिरावू द्यावे, इतर रोपांपासून दूर ठेवावे आणि मग कुंडी बदलावी. रोपवाटिकेतून येणारी रोपे पुष्कळदा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात, आणि मुळांच्या मधोमध कापडी जाळीची एक लहान पिशवीही सापडते. ती कात्रीने कापून काढावी. जुने कोकोपीट शक्य तितके झाडून टाकावे. मुळे दुखावली असतील तर नव्या कोरड्या मातीत लावून चार-पाच दिवस पाणी देऊ नये, म्हणजे जखमा सुकतात. त्यानंतर दर दोन वर्षांनी माती बदलणे पुरते. पृष्ठभागावर रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले असतील तर तो थर आधी फोडावा, कारण त्याखाली मातीची अवस्था काय आहे हे कोणालाच दिसत नाही.

खालची पाने वाळत आहेत. काळजीचे कारण आहे का?

पान बुडापासून कागदासारखे कोरडे होत असेल आणि वर नवी पाने येत असतील तर नाही. जुने पान आपले पाणी नव्याला देऊन वाळते. ते पूर्ण सुकल्यावर हलक्या हाताने आडवे ओढून काढावे, कारण वाळक्या पानांखाली कीड लपते. पान वाळण्याऐवजी पिवळे, पाणचट आणि बुळबुळीत होत असेल तर पुढचे उत्तर वाचावे.

रोप कुजत आहे की तहानलेले आहे, हे कसे ओळखावे?

दोन्हींत पाने सुरकुततात, आणि गोंधळ येथेच होतो. तहानलेल्या रोपाच्या कडेची पाने आत वळतात, बारीक होतात, पण रोप कुंडीत घट्ट बसलेले असते आणि माती कोरडी असते. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते भरून येते. माती ओली असूनही पाने सुरकुतलेली असतील तर मुळे मेली आहेत असे धरून चालावे. ओल्या मातीत हवा उरत नाही, हवेवाचून मुळे गुदमरतात, मेलेल्या मुळांवर बुरशी चढते, आणि पाणी वर पोहोचवणारे कोणीच न राहिल्याने रोप पाण्यात उभे राहून तहानेने सुकते. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे उरलेसुरले संपवणे.

खात्री करण्यासाठी गुच्छ दोन बोटांत धरून हळूच हलवावा. तो डळमळला तर लगेच उपटून पाहावा. निरोगी मूळ जाड, टणक आणि पांढरट किंवा फिकट पिवळसर असते. कुजलेल्या मुळावर चिमूट फिरवली की साल सरकून येते आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर राहते. अशी सर्व मुळे कापून टाकावीत. बुंध्याचा काप पाहावा: तेथे तपकिरी वर्तुळ दिसत असेल तर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने पातळ चकत्या काढत स्वच्छ, पांढरा-हिरवट भाग लागेपर्यंत वर जावे, या कामात हात आखडता घेतला तर कूज मागे राहते आणि आठवड्यात सर्व मेहनत वाया जाते. उरलेला गुच्छ सावलीत, हवेशीर जागी पाच ते सात दिवस तसाच उघडा ठेवावा, म्हणजे काप कडक होतो. नंतर तो किंचित ओलसर भरड मातीवर नुसता बसवावा, पुरू नये. तीन ते सहा आठवड्यांत बुडाशी पांढरी टोके दिसतात. तोवर पाने आकसतील, कुरूप दिसतील. ते चालते, कारण याच साठ्यावर रोप नवी मुळे काढते.

नवी रोपे कशी तयार करावीत?

बुडाशी येणारी पिल्ले वेगळी करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पिल्लू आईच्या साधारण एक तृतीयांश झाले आणि त्याला स्वतःची मुळे फुटली की रोप कुंडीतून काढून जोडाच्या ठिकाणी कापावे. घाई केली तर बिनमुळांचे पिल्लू हाती येते. तेही जगते, पण वेळ घेते.

एका पानापासूनही रोप होते. त्यासाठी पान अर्ध्यावर तोडून उपयोग नाही, बुंध्याचा पांढरा अंश त्याला चिकटून आला पाहिजे. पान आडवे हलवत सावकाश सोडवावे, आठवडाभर सुकवावे आणि मातीवर ठेवावे. आधी मुळे येतात आणि मग, कधीकधी कित्येक महिन्यांनी, पानाच्या बुडाशी हिरवा मणी दिसतो. कडक पानांच्या प्रकारांत यश कमी येते. बियांपासून वाढवायचे असेल तर बहुतेक जातींत एकमेकांपासून किंवा एकाच आईपासून न काढलेली दोन स्वतंत्र रोपे एकाच वेळी फुलावी लागतात, कारण स्वतःच्या परागाने बी धरत नाही.

फुले आल्यावर रोप मरते का?

मरत नाही. एका फुलोऱ्यानंतर मरण्याचा नियम घायपातासारख्या काही वनस्पतींना लागू आहे, हॉवर्थियाला नाही. त्याला तारेसारखा लांब दांडा येतो आणि त्यावर हिरवट किंवा तपकिरी रेघांची छोटी पांढरी फुले लागतात. फुले साधीच असतात. रोप अशक्त असेल तर दांडा लहान असतानाच कापावा, एरवी वाळल्यावर तो आपणहून सुटतो.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे काही दिसते. ते काय आहे?

तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रोपाचा रस शोषणारी एक कीड आहे. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून प्रत्येक पुंजका पुसावा, रोप उन्हापासून दूर ठेवावे आणि दर पाच-सहा दिवसांनी किमान तीन वेळा हेच करावे, कारण अंड्यांतून नवी पिलावळ निघत राहते. रोप विनाकारण खुंटले असेल तर ते उपटून मुळेही पाहावीत. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर तो मुळांवर राहणारा पिठ्या ढेकूण असतो. मुळे धुऊन, सुकवून, सर्व माती फेकून द्यावी.

खत किती द्यावे?

फारच थोडे. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, पाकिटावरील मात्रेच्या पाव हिश्श्याने पातळ केलेले द्रवरूप खत पुरे. दर दोन वर्षांनी माती बदलत असाल तर तेही नको.

घरात मांजर किंवा कुत्रा असल्यास हे रोप सुरक्षित आहे का?

होय, हॉवर्थिया त्यांच्यासाठी बिनविषारी मानला जातो. मात्र त्याची भावंड कोरफड मांजर-कुत्र्यांना बाधते, म्हणून रोप नेमके कोणते आहे ते ओळखून मगच खाली ठेवावे.

ते रात्री प्राणवायू देते आणि हवा शुद्ध करते, हे खरे आहे का?

रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेते, यावरून प्राणवायूही रात्रीच बाहेर पडत असणार असा तर्क केला जातो. प्राणवायू तयार होण्यासाठी प्रकाश लागतो, त्यामुळे तो तर्क टिकत नाही. हवा शुद्ध होण्याची कल्पना १९८९ साली नासाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून लोकप्रिय झाली; तो अभ्यास लहान, बंद पेट्यांमधला होता. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा साध्या खिडक्या-दारांच्या वायुविजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १००० रोपे लागतील असे दिसून आले. खिडकी उघडणे सोपे आहे.

तीन आठवडे घराबाहेर जायचे आहे. रोपाचे काय करावे?

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी नेहमीप्रमाणे पाणी घालावे, कुंडी खिडकीपासून हातभर आत सरकवावी आणि निश्चिंतपणे जावे. इतर झाडांना पाणी घालण्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवणार असाल, तर या कुंडीत ‘पाणी घालू नये’ अशी चिठ्ठी ठळक अक्षरांत खोचून ठेवावी. ती न ठेवल्यास शेजारी प्रेमाने रोज पाणी घालतात.